दगड वाचण्याचे वर्ष

महाराष्ट्रात काळा दगड इतका सर्वत्र आहे, की त्याच्याकडे मुद्दाम असे कोणी पाहत नाही. घराचे जोते, विहिरीची बांधणी, किल्ल्याचा बुरूज, मंदिराचा गाभारा, शेताची ताल, स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा आणि वेशीवरचा वीरगळ अशा अनेक रूपांनी तो माणसांच्या सोबतीला असतो. शेतातली काळी मातीही याच दगडाची झीज होऊन तयार झाली आहे. तरीही हा दगड कोठून आला, त्याच्या पोटात काय आहे आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्यांना तो किती पाणी देऊ शकतो, हे प्रश्न बहुधा विहीर आटल्यावरच विचारले जातात. अक्षरओळख होण्यापूर्वी छापील पान डोळ्यांसमोर असूनही मुके राहते, तसाच दगडही वाचता येईपर्यंत मुका असतो. पुण्यात भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे वाचन शिकण्यासाठी एक वर्ष घालवले. त्या वर्षात वर्ग होता, प्रवास होता आणि एका गावातील पाच महिन्यांचे काम होते.

ती मूळची माळव्यातल्या देवासची. मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांबरोबर जी घराणी माळव्यात गेली आणि तेथेच रुजली, त्यांपैकी एक तिचे. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात नांदली. पंडित कुमार गंधर्व १९४८मध्ये याच गावी राहायला आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. तिच्या घरी मराठी बोलली जाई. पण बाजारातली हिंदी आणि गल्लीतली माळवी त्या मराठीत सहज मिसळून गेलेली असे. देवासची आणखी एक ओळख मात्र अभिमानाची नव्हती. पावलापावलावर पाणी असलेला प्रदेश म्हणून ज्या माळव्याची ख्याती, त्या माळव्यातल्या या गावाला १९९०मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिच्या जन्मापूर्वीची ही गोष्ट तिने आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती, की फलाटाशी उभ्या राहिलेल्या त्या गाडीचे चित्र तिला स्वतःच्या आठवणीसारखे वाटे. तिने भूशास्त्र निवडले, तेव्हा नातेवाइकांना त्याचा अर्थ कळेना. आजीने मात्र, “पोरगी दगडांची डॉक्टर होणार आहे,” असे सांगून साऱ्यांचे समाधान केले.

वर्षाचा आरंभ पावसाबरोबर झाला. जुलै ते सप्टेंबर हे महिने वर्गात आणि प्रयोगशाळेत गेले. दगडाची चकती घासत घासत मिलिमीटरच्या तीन शतांशाइतकी पातळ केली, की तिच्यातून प्रकाश आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली तोच काळा दगड रंगांनी भरून जातो. फेल्स्पारच्या करड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि पायरोक्झीनचे झगझगीत कण नळीतून पहिल्यांदा दिसले, तेव्हा ती बराच वेळ जागची हलली नाही. पाट्यावर मिरची वाटताना हाताखाली जो दगड असतो, त्याच्या आत एवढा उजेड दडलेला असेल, अशी कल्पना तिने कधी केली नव्हती.

त्या दगडाचे नाव बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तप्त शिलारस बाहेर आला. तो पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा रस पसरला. असे एकावर एक थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यात येतो. शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणातही हे थर पोहोचले आहेत. डोंगरांची कड दुरून जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते, म्हणून पाश्चात्त्य अभ्यासकांनी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यांना ‘दख्खन ट्रॅप’ असे नाव दिले. वर्गात टांगलेल्या नकाशावर हा प्रदेश एकाच रंगाने भरलेला होता, आणि त्या रंगाच्या उत्तर भागात देवासचा ठिपका होता. घरापासून सहाशे किलोमीटर दूर येऊन आपण आपल्याच अंगणातील दगड शिकत आहोत, हे तिला त्या दिवशी उमगले.

पाण्याविषयीचा धडाही तेव्हाच शिकवला गेला. नदीकाठच्या वाळूत दोन कणांमध्ये पोकळी असते आणि तेथे पाणी साठते. बेसॉल्ट थिजताना त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतून बसतात. त्यामुळे सलग बेसॉल्टमध्ये पाण्याला जागाच नसते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, थिजताना पडलेल्या भेगांत आणि वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेल्या थरांत. अशा शंभर घनमीटर खडकातून विहिरीला मिळणारे पाणी साधारणपणे एक ते तीन घनमीटर इतकेच असते. हा आकडा तिने पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि त्याबद्दल चांगले गुणही मिळवले. त्या आकड्यावर कोणाचे घर चालते, हे मात्र उत्तरपत्रिकेत विचारलेले नव्हते.

ऑक्टोबरात प्रवास सुरू झाले. विभागाची जुनी बस, पाठीवर पिशवी, हातात हातोडा, गळ्यात भिंग आणि सोबत स्थलनिर्देशक नकाशा, असा सरंजाम होता. त्या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. पहिली सफर वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर अशी होती. या घाटात रस्ता सुमारे तेराशे मीटरांच्या उंचीवरून कोकणाच्या पायथ्याशी उतरतो, आणि उतरताना कापलेल्या कड्यांमध्ये शिलारसाचे थर एकाखाली एक उघडे पडलेले दिसतात. वरून खाली येणे म्हणजे काळात मागे मागे जाणे होते. दोन काळ्या थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीची रेघ दिसे. एक उद्रेक थांबल्यावर दुसरा होईपर्यंत मधल्या काळात जमिनीला माती होण्याइतकी उसंत मिळाली, याची ती खूण. लाल माती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कड्यातून झरे पाझरत होते. विद्यार्थ्यांनी ओंजळीने ते पाणी पिऊन पाहिले. त्यांचे प्राध्यापक हसून म्हणाले, “याच झऱ्याला मे महिन्यात भेटायला या. मग धडा पूर्ण होईल.”

हे वाक्य तिच्या मनात राहिले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला काही कोसांवर असलेल्या वाईपर्यंत तो एक हजाराच्याही आत येतो. नकाशावर दोन बोटांचे अंतर, आणि पावसात एवढी तफावत! पुढे ती मे महिन्यात खरोखरच त्या घाटात गेली, तेव्हा झरा कोरडा होता आणि घाटमाथ्यावरच्या वस्तीतील बाया हंडे घेऊन दरीत उतरत होत्या. जेथे सर्वांत जास्त पाऊस पडतो, तेथेही उन्हाळ्यात घसा कोरडा पडू शकतो; कारण तीव्र उतारावरून पाणी पळून जाते आणि खडकात ते मुरायला पुरेशी जागा नसते. धडा अशा रीतीने पूर्ण झाला.

डिसेंबरात लोणारची सफर झाली. छत्रपती संभाजीनगर आणि जालना मागे टाकून बस बुलढाणा जिल्ह्यात शिरली. सपाट रान अचानक संपले आणि समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा दिसला. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेले हे विवर आहे. १८२३मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पंचक्रोशीतील लोकांना आणि काठावरील देवळे बांधणाऱ्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ते देशभर चर्चेचा विषय झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. विद्यार्थिनीचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधले. तळाचे सरोवर इतके खारे आणि क्षारयुक्त, की ते पिता येत नाही. आणि त्याच विवराच्या कडेला, थोडे वर, गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. एकच खडक, एकच आभाळ, आणि दोन पाणी! धारेखाली भाविक स्नान करत होते. ती आपल्या वहीत विवराच्या कडेचा छेद काढत बसली. जमिनीखालील पाणी वरच्या भूमीकडून येऊन येथे उघड्यावर पडते, हे तिने बाणाने दाखवले. वर्गात अशा आकृत्या तिने कितीतरी काढल्या होत्या. पण आकृतीतल्या बाणाचे पाणी अंगावर उडण्याची ही पहिली वेळ होती.

काही प्रवास विभागाचे नव्हते. रविवारी चार मैत्रिणी दोन दुचाकींवरून निघत. अशाच एका रविवारी त्या निघोजला गेल्या. तेथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहतात, आणि वर्षानुवर्षे खडक घासून त्याला रांजणासारखे खोल करतात. पाण्यासारख्या मऊ पदार्थाने एवढा कठीण पाषाण कोरला, याचे मैत्रिणींना नवल वाटले. तेथून पारनेरमार्गे त्या हिवरे बाजारला पोहोचल्या. अहिल्यानगरपासून जवळच असलेले हे गाव १९९०च्या आसपासपर्यंत दुष्काळ आणि स्थलांतर यांसाठीच ओळखले जाई. सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पण एवढ्यावर ते थांबले नाही. सिंचनासाठी विंधण विहीर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडल्यानंतरच पिके ठरवायची, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर तिने वहीत लिहिले: “खडक किती देतो हे भूशास्त्र सांगते. किती घ्यायचे, हे गावाने ठरवायचे असते.”

त्याच रस्त्यांवर तिला वारंवार एक दृश्य दिसे. तमिळनाडूचा क्रमांक असलेल्या, अवजड यंत्रे आणि लोखंडी नळ्या लादलेल्या मोटारी ओळीने चाललेल्या असत. त्या बोअर घेणाऱ्या गाड्या. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे हे गाव या व्यवसायासाठी देशभर प्रसिद्ध आहे. उन्हाळा जवळ येऊ लागला, की दुष्काळी तालुक्यांच्या नाक्यानाक्यावर या गाड्या थांबलेल्या दिसतात. तिच्या मैत्रिणी त्यांच्याकडे पाहत नसत. ती मात्र आता त्या गाड्या मोजू लागली होती.

जानेवारीपासून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाच महिन्यांचे प्रत्यक्ष काम करायचे होते. पुरंदर तालुक्यात भूजलाचे काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत तिने इंटर्नशिप घेतली. पुण्यापासून घाट ओलांडला, की सासवड, जेजुरी आणि कऱ्हा नदीचे हे खोरे लागते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील अंजीर आणि सीताफळ प्रसिद्ध आहे. पण अंजिराचा मीठा बहार नेमका मार्च ते मेमध्ये येतो, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. एका गावातील सर्व विहिरींची नोंद करून पाण्याचा नकाशा तयार करणे, हे तिचे काम होते.

काम सोपे वाटले होते. पण गावात विहिरी किती, या पहिल्याच प्रश्नाला ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक उत्तर मिळाले, सातबाऱ्यावर दुसरे, आणि शिवारात पायी हिंडल्यावर तिसरे. बोअरची तर नोंदच अपुरी होती. आटलेली बोअर कोणी सांगत नसे. अपयशाची गणती कोणाला आवडते? ती रोज सकाळी मोजपट्टी घेऊन निघे. विहिरीच्या काठावर ओणवे होऊन पाण्याची पातळी मोजायची, भिंतीत दिसणारे थर वहीत उतरवायचे आणि मालकाशी बोलायचे, असा तिचा दिनक्रम झाला.

या बोलण्यातून तिला एक नवी परिभाषा मिळाली. पुस्तकात ज्याला अपक्षय झालेला बेसॉल्ट म्हणतात, तो येथे मुरूम होता. फोडायला चिवट आणि ठिपक्यांचा दगड मांजऱ्या होता. लाल थर म्हणजे गेरू. त्याखालचा सलग, निबर दगड काळा पाषाण. विहिरीची खोली लोक फुटांत न सांगता परसांत सांगत. एक परस म्हणजे अंदाजे एका पुरुषाची उंची. “सहा परसांवर मांजऱ्या लागला, तिथं उजव्या अंगानं झरा हाय,” असे एक म्हातारे गृहस्थ सांगत, तेव्हा तिला एक संपूर्ण भूशास्त्रीय छेद तोंडी मिळालेला असे. त्याच गृहस्थांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. मोटेच्या काळात बैल थकले, की उपसा थांबे आणि रात्रभर विहीर पुन्हा भरे. वीज आल्यावर थकणारे कोणी उरले नाही. एवढ्या एका वाक्यात त्यांनी भूजलाचा जो इतिहास सांगितला, तो तिला कोणत्याही ग्रंथात इतक्या थोडक्यात सापडला नव्हता.

गावात एक पाणाडीही होता. हातात कडुलिंबाची बेचकीदार डहाळी धरून तो शिवारात फिरे, आणि डहाळी वळली की तेथे पाणी आहे असे सांगे. डहाळी वळण्याला शास्त्रीय आधार नाही, हे तिला माहीत होते. तरी ती त्याच्याबरोबर एक दिवस हिंडली. चालता चालता तो उंबराकडे पाही, वारुळाकडे पाही, ओढ्याच्या वळणाकडे पाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि तेथेही झाडे व वारुळे यांच्या खुणा सांगितल्या आहेत, हे तिला आठवले. म्हाताऱ्याचे डोळे कामाचे होते, डहाळी नव्हे. तिने त्याला विचारले, “बाबा, तुमचा अंदाज चुकतो तेव्हा काय होतं?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “माझं काय व्हायचंय? ज्याचा पैका गेला त्यालाच इचार.”

तो प्रश्न लवकरच तिच्या दारात येऊन उभा राहिला. मार्चच्या अखेरीस एका दुपारी, अंजिराची बाग असलेल्या एक विधवा शेतकरी बाई संस्थेच्या कार्यालयात आल्या. विहिरीत तासाभराचेच पाणी उरले होते आणि झाडांवर फळ धरले होते. पूर्वीच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या. तिसरीसाठी त्यांनी दागिने गहाण ठेवण्याचे ठरवले होते. बोअरची गाडी फाट्यावर येऊन थांबली होती. त्या विद्यार्थिनीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमी दगड वाचता म्हणं. मंग सांगा, हितं पाणी लागंल का न्हाई?”

परीक्षेतील प्रश्नाला निदान उत्तर चुकण्याची मुभा असते. या प्रश्नात ती नव्हती. तिने नकाशा पसरला. त्या बाजूच्या सगळ्या विहिरी एकाच सच्छिद्र थरावर जगत होत्या. त्याच्याखाली काळा पाषाण जाड होता, आणि शेजारच्या खोल बोअर त्यातून कोरड्या गेल्या होत्या. एखाद्या भेगेत पाणी लागलेच, तर ते बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी असणार होते. शिवाय गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर जवळच होती, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे. हे सर्व तिने एकेक करून सांगितले. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “म्हंजी न्हाईच लागणार?”

“नाहीच लागणार, असं मला म्हणता येणार नाही, मावशी,” ती म्हणाली. “लागण्याची शक्यता फार कमी आहे. माझ्या आईनं विचारलं असतं, तर तिलाही मी नकोच म्हटलं असतं.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही. आपले म्हणणे चुकीचे निघाले, तर बाग जाईल. आणि बरोबर निघाले, तरी बागेला पाणी मिळणार नाहीच. ज्ञान माणसाला आधार देते, असे तिने अनेकदा ऐकले होते. ते अशा वेळी माणसाला एकटेही पाडते, हे तिला त्या रात्री कळले. संस्थेतील तिच्या मार्गदर्शकांनी दुसऱ्या दिवशी तिला एवढेच विचारले, “सल्ला दिलास. आता त्यांच्याबरोबर उभी राहणार का?”

ती उभी राहिली. बाईंनी बोअर घेतली नाही. विद्यार्थिनी आणि संस्थेचे कार्यकर्ते शेजारच्या शेतकऱ्यांना भेटले. ज्याच्या विहिरीला पाणी बरे होते, त्याने पहिल्या दिवशी नकार दिला. नकाशावर त्याची आणि बाईंची विहीर एकाच थरावर असल्याचे त्याने स्वतः पाहिले, तेव्हा आठवड्यातून दोन पाळ्या देण्याचे त्याने कबूल केले. झाडांच्या बुंध्याशी पाचटाचे आच्छादन घातले, ठिबकच्या नळ्या दुरुस्त केल्या. तरीही सगळी बाग वाचली नाही. कडेची एक रांग उन्हात वाळून गेली, बाकीची तगली. दागिने मात्र घरात राहिले. त्या न खोदलेल्या बोअरला पाणी लागले असते की नाही, हे कोणालाच कधी कळणार नाही. भूशास्त्रज्ञाने दिलेला नकार सिद्ध करून दाखवता येत नाही. त्याला तो आयुष्यभर तसाच सोबत घेऊन चालावे लागते.

मे महिन्यात ग्रामसभा झाली. तिच्या पदवीसाठीचा लघुप्रबंध इंग्रजीत होता आणि तो विद्यापीठाच्या कपाटात जाणार होता. म्हणून तिने त्यातील सार एका मोठ्या कागदावर मराठीत लिहून काढले: कोणत्या विहिरी एकाच थरावर आहेत, पाणी कोठे मुरते, कोठे चर खणले तर उपयोग होईल. मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण हेच शब्द तिने वापरले आणि खोली परसांत दिली. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. काही जणांनी त्यावर वाद घातला. एकाने आपली विहीर चुकीच्या जागी दाखवली असल्याचे सांगितले. ते खरे होते. तिने तेथेच ती खूण दुरुस्त केली. पाणाडीबाबांनी चष्मा लावून बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि ओढ्याकाठच्या एका जागेवर बोट ठेवून, “हितं मुरतंय, ही खरं लिवलंय,” असा अभिप्राय दिला. विद्यापीठाने पुढे तिला उत्तम श्रेणी दिली. परंतु तिच्या लेखी तिचा निकाल त्याच दिवशी लागला होता.

जूनच्या आरंभी ती घरी निघाली. रेल्वेने न जाता, इंदूरला जाणाऱ्या एका मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर मोटारीने जायचे तिने ठरवले. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा हा मुंबई-आग्रा महामार्गाचा जुना रस्ता. तापीच्या काठचा गाळाचा पट्टा ओलांडला, सातपुडा चढून उतरला, खलघाटला नर्मदेचा रुंद प्रवाह पाहिला. मैलोन्‌मैल रस्त्याच्या कडेला तोच काळा दगड होता. पूर्वी या मार्गाने जाताना ती झोपून जात असे. आता प्रत्येक कापलेल्या टेकडीशी तिची मान वळत होती. भाषा बदलली, वेष बदलले, पाट्यांवरची राज्याची नावे बदलली. पण खडक एकच होता आणि त्याच्याविषयीचा प्रश्नही एकच होता. देवास जवळ येऊ लागले, तशी शेतांमधून शेततळी दिसू लागली. रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी २००६पासून अशी हजारो तळी आपापल्या शेतात खणली. तेथे त्यांना ‘रेवासागर’ म्हणतात. लहानपणापासून ही तळी तिच्या पाहण्यात होती. कोणत्या तळ्याच्या तळाशी मुरूम आहे आणि कोणते थेट काळ्या पाषाणावर बसले आहे, असा विचार त्यांच्याकडे पाहून तिच्या मनात पहिल्यांदाच आला.

घरी पोहोचल्यावर दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी ती परसदारी गेली. तेथे पूर्वीची विहीर होती. नळ आल्यावर तिच्यावर फरशी टाकली होती आणि फरशीवर आता तुळशीच्या कुंड्या होत्या. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरी बोअर होती, आणि दर उन्हाळ्यात कोणाची तरी आटत होती. किती बोअर आहेत, किती खोल आहेत, याची नोंद कोणाकडेच नव्हती. तिने पुरंदरला वापरलेली वही काढली. तिची बरीच पाने कोरी होती. वर गल्लीचे नाव लिहून ती आजीजवळ येऊन बसली.

“आजी, आपली विहीर किती खोल होती गं?”

आजीने माळ बाजूला ठेवली आणि आठवून सांगितले, “चांगली सात पुरुष, बेटा. तुझे आजोबा खाली उतरून गाळ काढत. पाच पुरुषांवर लाल माती लागायची, आणि तिच्या वरूनच झिरा यायचा.”

वहीत पहिली नोंद झाली.